एक लॉगिन, अकरा माणसे: अक्षरजुळणी कार्यालयाच्या सर्व्हरवर स्वतंत्र खाती उभारतानाच्या नोंदी

सोमवार, ३ जून २०२४

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका अक्षरजुळणी कार्यालयातल्या सर्व्हरचे काम आजपासून हाती घेतले. उबुंटू २२.०४ ही लिनक्सची आवृत्ती असलेले एकच यंत्र आहे, पुस्तकांच्या सगळ्या फाइली त्याच्यावर आहेत आणि अकरा माणसे आपापल्या टेबलावरच्या जुन्या संगणकांवरून, रिमोट डेस्कटॉपने, ‘ऑफिस’ या एकाच खात्याने त्यात शिरतात. पासवर्ड लिहिलेली कागदाची पट्टी खिडकीजवळच्या मॉनिटरला चिकटवलेली आहे. मे महिन्यात ३१२ पानांच्या एका पुस्तकाच्या दुसऱ्या मुद्रितातल्या दुरुस्त्या करून ठेवलेल्या फाइलीवर कोणीतरी आधीची आवृत्ती साठवली. मालकाच्या रकान्यात सगळीकडे ‘ऑफिस’ एवढेच दिसत असल्यामुळे ती कोणी साठवली हे शोधण्याचा मार्गच उरला नाही आणि त्या दुरुस्त्या पुन्हा करण्यात दोघांचे चार दिवस गेले. त्या चार दिवसांत माणसांनी एकमेकांवर जो संशय घेतला, ते नुकसान मला वाया गेलेल्या वेळेपेक्षा मोठे वाटते.

दिवाळी अंकांचा मजकूर ऑगस्टपासून यायला लागतो, म्हणून जुलैअखेर ही मुदत धरली आहे. आज फक्त कागदावर काम केले. जुळणीची सहा माणसे, मुद्रितशोधनाची तीन, हिशेबाची दोन. प्रत्येकाला स्वतःचे खाते आणि कामाप्रमाणे गट, असा आराखडा आहे. ‘जुळणी१’, ‘जुळणी२’ अशी नावे ठेवावीत असा एक प्रस्ताव आला होता. तो मी मान्य केला नाही, कारण टेबल बदलले की अशा खात्यामागचा माणूस पुन्हा दिसेनासा होतो. पहिले नाव आणि त्याला जोडून आडनावाचे आद्याक्षर, असे ठरले.

या नोंदींत कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टंकावीत. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे आणि त्या लहान-मोठ्यात किती फरक पडतो ते १९ जूनच्या नोंदीत कळेल.

गुरुवार, ६ जून

कशालाही हात लावण्याआधी ईटीसी फोल्डरमधल्या चार फाइलींची प्रत काढली: खात्यांची यादी असलेली पासवर्ड फाइल, हॅश, म्हणजे पासवर्डची उलट न वाचता येणारी रूपे, ठेवणारी शॅडो, गटांची ग्रुप आणि गटांचीच जी-शॅडो. शॅडोमध्ये सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश असल्यामुळे ही प्रत रूट (सगळे अधिकार असलेले खाते) सोडून कोणालाही उघडता येणार नाही अशा फोल्डरमध्ये ठेवली. शिवाय पुस्तकांच्या फाइलींसाठी बाहेरची एक हार्ड डिस्क घेतली, तिला ४,६०० रुपये लागले.

पहिले खाते माझे स्वतःचे केले आणि तिथेच पहिली चूक झाली. ‘यूजरअ‍ॅड’ला नाव देऊन एंटर दाबले, ‘सुडो पासवर्ड’ने पासवर्ड दिला (‘सुडो’ लावले की कमांड रूटच्या अधिकाराने चालते) आणि लॉगिन करून पाहिले, तर रिमोट डेस्कटॉपची खिडकी उघडून लगेच मिटली. उबुंटूवर ‘यूजरअ‍ॅड’ला उणे एम हा पर्याय दिला नाही, तर होम फोल्डर तयार होत नाही आणि शेल (टंकलेल्या कमांड घेणारा प्रोग्राम) म्हणून बॅशऐवजी साधा ‘एसएच’ लागतो. खाते यादीत होते, पण त्याला राहायला जागा नव्हती. ते काढून ‘अ‍ॅडयूजर’ वापरले. ही निराळी कमांड आहे. ती प्रश्न विचारत जाते, होम फोल्डर तयार करते आणि खात्याच्याच नावाचा एक खासगी गटही करून देते. या खासगी गटाकडे आज मी लक्ष दिले नाही, ते पुढे महागात पडले.

‘ऑफिस’ खात्याला असलेले सुडो, एडीएम, प्लगडेव्ह आणि एलपी-अ‍ॅडमिन हे गट माझ्या खात्यालाही दिले. एकूण वेळ: दोन तास.

सोमवार, १० जून

अकरा खाती एकेक करून करण्याऐवजी यादीवरून करायची म्हणून हिशेबाच्या काकांनी त्यांच्या विंडोज लॅपटॉपवर स्प्रेडशीटमध्ये यादी तयार केली: लॉगिन नाव, पूर्ण नाव, तात्पुरता पासवर्ड. ती सीएसव्ही म्हणून साठवून मी सर्व्हरवर घेतली, एका लहान लूपमध्ये प्रत्येक ओळीसाठी ‘यूजरअ‍ॅड’ चालवले आणि पासवर्ड ‘सीएच-पासवर्ड’ या कमांडला एकगठ्ठा दिले. त्या कमांडला दर ओळीत नाव, विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि पासवर्ड एवढेच लागते.

पहिल्याच ओळीवर ‘नाव अवैध’ असा संदेश आला. बाकीची दहा खाती तक्रार न करता झाली, पण त्यांपैकी एकालाही लॉगिन करता येईना. पासवर्ड चुकीचा टंकला जातोय असे समजून मी आणि जुळणीतल्या दोघांनी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत पासवर्ड टंकून पाहिला. नंतर एका खात्याला हाताने नवा पासवर्ड दिला, तर ते लगेच उघडले. म्हणजे खाती ठीक होती आणि दोष यादीत होता, पण यादी पडद्यावर अगदी स्वच्छ दिसत होती.

शेवटी ‘कॅट’ला मोठ्या ए चा पर्याय देऊन यादी छापली, तेव्हा न दिसणारी अक्षरे समोर आली. लिनक्सच्या फाइलीत ओळीच्या शेवटी नुसते डॉलरचे चिन्ह दिसायला हवे. इथे प्रत्येक डॉलरच्या आधी टोपीचे चिन्ह आणि एम बसलेले होते. विंडोज ओळ संपवताना दोन अक्षरे लिहिते, लिनक्स एकच लिहितो. जादा राहिलेले ते अक्षर ‘सीएच-पासवर्ड’ने पासवर्डचाच भाग धरले. ‘पेठ४११’ असा पासवर्ड असेल, तर त्याच्या शेवटी कळफलकावरून सहज देता न येणारे एक अक्षर चिकटले होते. पहिल्या ओळीतला दोष त्याच जातीचा निघाला: स्प्रेडशीटने यूटीएफ-८ म्हणून साठवताना फाइलीच्या आरंभी घातलेली अदृश्य खूण पहिल्या नावाला जोडली गेली होती.

जादा अक्षर ‘टीआर’ कमांडने आणि आरंभीची खूण ‘सेड’ने काढली, पासवर्ड पुन्हा भरले. या दोन अदृश्य खुणांत अडीच तास गेले. बाहेरून आलेली कोणतीही यादी आता मी आधी ‘कॅट’ने अशी छापून पाहतो.

मग प्रत्येक खात्यावर ‘चेज’ कमांड, उणे डी आणि शून्य असे चालवले. त्यामुळे पहिल्या लॉगिनलाच नवा पासवर्ड ठेवावा लागतो. रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत हा बदल नीट होत नव्हता, म्हणून एकेकाला सर्व्हरच्या टर्मिनलवर बोलावून पासवर्ड बदलून घेतला. त्या वेळी मी पाठ फिरवून उभा राहत होतो. सर्वांत ज्येष्ठ मुद्रितशोधक ताईंनी पासवर्ड बदलल्यावर विचारले, “आता माझ्या फाइलीला माझंच नाव लागणार ना?” मी हो म्हणालो. लूपमध्ये उणे सी पर्यायाने पूर्ण नाव देवनागरीत दिलेले होते, त्यामुळे लॉगिनच्या पडद्यावर त्यांना आपले नाव मराठीत दिसले. या नावात स्वल्पविराम घालू नये, कारण त्याच्या पुढचा मजकूर नावाचा भाग धरला जात नाही.

गुरुवार, १३ जून

‘ऑफिस’ खात्याचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्याला सुडो गटातून काढले. रूटचे अधिकार आता फक्त माझ्या खात्याकडे आहेत.

गटांचा आराखडा बदलावा लागला. ‘जुळणी’ आणि ‘मुद्रित’ असे दोन गट करून त्या दोन्ही गटांना तिसऱ्या एका गटात घालायचे माझ्या मनात होते, पण इथे गटात गट बसत नाही. ग्रुप फाइलच्या ओळीत सदस्य म्हणून फक्त माणसांची खाती लिहिता येतात. एका फोल्डरला गटही एकच असतो. म्हणून जुळणी आणि मुद्रितशोधनाच्या नऊ जणांचा ‘पुस्तक’ हा एक गट केला आणि दोघांचा ‘हिशेब’. पुस्तकांच्या फोल्डरचा गट ‘पुस्तक’ केला आणि त्याला ‘चमॉड’ने २७७० अशी परवानगी दिली. शेवटचे तीन आकडे क्रमाने मालक, गट आणि इतर यांच्या परवानगीचे. यातला आरंभीचा दोन महत्त्वाचा: त्यामुळे फोल्डरमध्ये नव्याने तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलीला फोल्डरचाच गट मिळतो.

जुन्या फाइलींना परवानगी देताना ‘चमॉड’ सरसकट खालपर्यंत ७७० असे चालवले, ही माझी चूक. त्यामुळे हजारो मजकूर-फाइलींवर ‘चालवता येण्याजोगी’ अशी खूण बसली. ती काढायला आणखी अर्धा तास लागला. फोल्डर आणि फाइली यांना वेगळे वागवायचे असेल तर परवानगीत मोठा एक्स लिहावा. तो फोल्डरांना लागतो आणि साध्या फाइलींना लागत नाही.

संध्याकाळी खरी अडचण उघड झाली. जुळणीतल्या मुलाने केलेली फाइल ताईंना उघडता येई, पण साठवता येत नसे. गट बरोबर ‘पुस्तक’ होता, परवानगी मात्र ६४४, म्हणजे गटाला फक्त वाचण्याची. मी त्याच फोल्डरमध्ये माझ्या खात्याने फाइल केली, तर तिची परवानगी ६६४ आली. एकच यंत्र, एकच फोल्डर आणि दोन खात्यांचे दोन निकाल. दोन्हींवर ‘यूमास्क’, म्हणजे नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारा आकडा, विचारला: माझ्याकडे ०००२, त्याच्याकडे ००२२.

सोमवार, १७ जून

कारण सापडले. उबुंटू लॉगिनच्या वेळी खात्याचा मूळ गट पाहतो. मूळ गटाचे नाव खात्याच्या नावाशी जुळत असेल, म्हणजे गट खासगी असेल, तर यूमास्क ०००२ देतो, नाहीतर ००२२. माझे खाते ‘अ‍ॅडयूजर’ने केल्यामुळे त्याला खासगी गट होता. बाकीच्या अकरांना लूपमध्ये मी लहान जी चा पर्याय देऊन एक सामाईक गटच मूळ गट म्हणून दिला होता. ते अधिक नीटनेटके वाटले होते. सामाईक गट मूळ गट करायचा नसतो, तो जोडगट, म्हणजे मूळ गटाखेरीजचा जादा गट, म्हणून द्यायचा असतो. ही एक ओळ मला ६ जूनलाच कळली असती, तर तीन दिवस वाचले असते.

बुधवार, १९ जून

या कामातली सर्वांत मोठी चूक आज झाली आणि ती पूर्णपणे माझी होती.

प्रत्येक नावाचा खासगी गट ‘ग्रुपअ‍ॅड’ने केला, ‘यूजरमॉड’ आणि लहान जी देऊन तो मूळ गट केला. या कमांडने होम फोल्डरमधल्या फाइलींचा गट आपोआप बदलतो, बाहेरच्या फाइलींचा बदलत नाही. त्या हाताने बदलल्या. आता सगळ्यांना ‘पुस्तक’ हा जोडगट द्यायचा राहिला होता. १००१ आणि त्यापुढचे क्रमांक असलेल्या सर्व खात्यांवर लूप लावला: ‘यूजरमॉड’, मोठा जी, ‘पुस्तक’. हिशेबाच्या दोघांना नंतर वेगळे करू असे मनात होते. एक खाते माझेही होते, ते मात्र मनात राहिले नाही.

मोठा जी एकटा दिला तर आधीचे सगळे जोडगट पुसले जातात आणि फक्त नवा उरतो. आधीचे राखून भर घालायची असेल तर त्याच्या आधी लहान ए द्यावा लागतो. तो मी दिला नव्हता. कोणताही संदेश आला नाही. नवे गट लागले का हे पाहण्यासाठी मी लॉगआउट करून परत आलो, सुडोने पुढची कमांड दिली आणि उत्तर आले की हे खाते सुडोच्या यादीत नाही. ‘ऑफिस’चे अधिकार मी सहा दिवसांपूर्वी काढले होते आणि उबुंटूवर रूटचा पासवर्ड मुळातच बंद असतो. त्या क्षणी त्या यंत्रावर रूटचे अधिकार असलेले एकही माणूस उरले नव्हते. आधीचे टर्मिनल उघडे ठेवले असते, तर तिथे जुने गट अजून जिवंत असते आणि एका ओळीत काम झाले असते.

सगळ्यांना फाइली साठवायला सांगून यंत्र बंद करावे लागले. सुरू होताना ग्रबच्या (यंत्र सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतून प्रगत पर्याय, तिथून रिकव्हरी मोड आणि तिथून रूट शेल असे गेलो. तिथे डिस्क फक्त वाचण्यासाठी जोडलेली असते. ती ‘माउंट’ कमांडने पुन्हा लिहिण्यायोग्य केली आणि ‘यूजरमॉड’, लहान ए, मोठा जी, सुडो अशी योग्य कमांड दिली. नऊ माणसांचे काम एक तास वीस मिनिटे थांबले. एकही पान गेले नाही, पण हे पुण्य त्यांनी वेळेवर साठवल्याचे आहे, माझे नाही.

नेमके कोणते गट गेले ते शोधायला यंत्रावरची जी-शॅडो किंवा ‘ग्रुप’ फाइलची आपोआप राहणारी प्रत उपयोगी पडली नाही, कारण तिच्यात फक्त शेवटच्या बदलाच्या आधीची स्थिती असते आणि लूपने बारा बदल केले होते. ६ जूनला काढलेली प्रत मात्र कामाची ठरली. तिच्यावर ‘ऑफिस’चे गट होते, त्याप्रमाणे माझे एडीएम, प्लगडेव्ह आणि एलपी-अ‍ॅडमिन परत लावले.

आणखी एक गोष्ट यातून समोर आली. रिकव्हरीच्या शेलने मला पासवर्ड विचारला नाही. ज्याचा हात यंत्रापर्यंत पोचतो, त्याला सगळे अधिकार मिळतात. यंत्र दारामागच्या उघड्या फळीवर होते, ते आज कुलपाच्या कपाटात हलवले. कपाटाला मागून हवेसाठी जाळी बसवायला ९०० रुपये लागले.

सोमवार, २४ जून

हिशेबाच्या काकांना मानधनाच्या तक्त्यांसाठी पुस्तकांच्या फोल्डरमध्ये जावे लागते, म्हणून दुपारी त्यांना ‘पुस्तक’ गटात घातले. त्यांना तरीही परवानगी नाकारली गेली. ‘आयडी’ पुढे त्यांचे नाव लिहून विचारले तर ‘पुस्तक’ दिसे आणि त्यांच्या खिडकीत नुसते ‘आयडी’ लिहिले तर दिसत नसे. पहिले उत्तर यादीतले असते, दुसरे त्या चालू सत्राचे. गट लॉगिनच्या वेळीच अंगाला लागतात. काकांनी लॉगआउट करून परत लॉगिन केले आणि फोल्डर उघडले.

याच दिवशी आणखी एक तक्रार आली: होम फोल्डरमधून ओढून पुस्तकांच्या फोल्डरमध्ये टाकलेल्या फाइली इतरांना दुरुस्त करता येत नव्हत्या. नवी केलेली किंवा नक्कल केलेली फाइल फोल्डरचा गट घेते, पण हलवलेली फाइल आपला जुना गट बरोबर घेऊन येते. प्रत्येकाला हे सांगून पाहिले, तरी ओढून टाकण्याची सवय जात नाही आणि ती जावी असा आग्रह मी धरणार नाही. रोज रात्री दीड वाजता फोल्डरभर गट आणि परवानगी सरळ करणारे एक काम रूटच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीत) लावले.

गुरुवार, २७ जून

छपाईयंत्राची रांग अडकली की ती सुरू करण्याएवढाच अधिकार जुळणीप्रमुख दादांना दिला. त्यासाठीचा नियम सुडोअर्स-डी फोल्डरमध्ये लिहिला आणि फाइलीच्या नावाला सवयीने टिंब देऊन ‘कॉन्फ’ जोडले. नियम लागू होईना. त्या फोल्डरमधल्या, नावात टिंब असलेल्या फाइली सुडो वाचतच नाही. टिंब काढले, नियम लागला. अशी फाइल ‘व्हिसुडो’नेच संपादित करावी, ती साठवण्याआधी व्याकरण तपासते. १९ तारखेनंतर आता मी दुसरे एक रूटचे टर्मिनल उघडे ठेवल्याशिवाय सुडोच्या नियमांना हात लावत नाही.

सोमवार, १ जुलै

पालख्या कालपासून भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला आहेत. पेठांतले रस्ते बंद असल्यामुळे कार्यालयाला सुट्टी होती. कोणीही काम करत नसताना ‘ऑफिस’ खाते बंद करण्यासाठी हाच दिवस ठरवला होता. घरून एसएसएचने (दुरून कमांड देण्याच्या सुरक्षित जोडणीने) जोडले, ‘यूजरमॉड’ आणि मोठा एल देऊन खात्याला कुलूप लावले.

मग सहज म्हणून ‘ऑफिस’च्या होम फोल्डरमधली एसएसएचच्या, पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्ल्यांची फाइल पाहिली. तिच्यात दोन किल्ल्या होत्या आणि त्यांतली एक, पूर्वी बाहेरून काम करून देणाऱ्या आणि आता कार्यालयाशी संबंध नसलेल्या व्यक्तीची होती. मोठ्या एल ने शॅडो फाइलमधल्या हॅशपुढे एक उद्गारचिन्ह बसते, एवढेच होते. पासवर्डने कोणी शिरू शकत नाही, पण किल्लीने शिरू शकतो. स्वतःची किल्ली लावून पडताळले, खाते खरोखरच उघडले. ‘यूजरमॉड’ला लहान ई आणि एक असा पर्याय दिला, म्हणजे खात्याची मुदत १९७० सालीच संपली असे यंत्र समजते. आता किल्लीलाही नकार मिळाला. दोन्ही किल्ल्या काढून टाकल्या. या प्रकाराची बातमी कार्यालयाच्या मालकांना त्याच दुपारी फोन करून दिली.

गुरुवार, ४ जुलै

बाहेरच्या डिस्कवर तीन रात्रींची प्रत नाही, असे आज दिसले. प्रत काढणारे काम ‘ऑफिस’च्या क्रॉनटॅबमध्ये होते आणि मुदत संपलेल्या खात्याची कामे क्रॉन चालवत नाही. पडद्यावर कोणाला काही दिसले नाही, फक्त नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, नकाराच्या ओळी साठत होत्या. कोणतेही खाते बंद करण्याआधी त्याच्या नावावरची क्रॉनची कामे पाहायची, हे मी १ तारखेला करायला हवे होते. प्रतीचे काम आता ‘अ‍ॅडयूजर’च्या सिस्टिम पर्यायाने केलेल्या वेगळ्या खात्याकडे आहे. त्याला लॉगिन नाही आणि कोणा माणसाच्या येण्याजाण्याशी त्याचा संबंध नाही.

सोमवार, १५ जुलै

जुळणीतला एक शिकाऊ मुलगा काम सोडून गेला, त्याचे खाते मी ‘यूजरडेल’ने होम फोल्डरसह काढले. आज त्याच्या जागी आलेल्या मुलीचे खाते ‘अ‍ॅडयूजर’ने केले. तासाभराने ताईंनी दाखवले की तिने कधी न पाहिलेल्या, जूनमधल्या एका कवितासंग्रहाच्या फाइलींवर तिचे नाव मालक म्हणून आले आहे.

फाइलीवर नाव लिहिलेले नसते, क्रमांक लिहिलेला असतो, आणि नाव दाखवताना यंत्र तो क्रमांक यादीत शोधते. मुलाचा क्रमांक १००९ मोकळा झाला होता, ‘अ‍ॅडयूजर’ने पहिला मोकळा क्रमांक म्हणून तोच मुलीला दिला. ज्या कारणासाठी हे सगळे काम काढले, त्याच्याच विरुद्ध हे घडले होते: पहिल्याच दिवशी तिच्या नावावर दुसऱ्याचे काम चढले. ‘फाइंड’ला १००९ हा क्रमांक देऊन त्या फाइली शोधल्या, त्यांतल्या १५ जुलैच्या आधीच्या सगळ्या फाइली जुळणीप्रमुख दादांच्या नावावर केल्या आणि मुलीला १०२० हा न वापरलेला क्रमांक दिला.

यापुढे कोणी सोडून गेले तर खाते काढायचे नाही. मुदत संपवून, किल्ल्या आणि क्रॉन तपासून ते तसेच ठेवायचे, म्हणजे क्रमांक त्याच माणसाचा राहतो आणि जुन्या फाइलींवर त्याचेच नाव दिसते.

सोमवार, २२ जुलै

गटात माणूस घालायला प्रत्येक वेळी मला बोलावणे बरे नाही. ‘जी-पासवर्ड’ला मोठा ए देऊन जुळणीप्रमुख दादांना ‘पुस्तक’ गटाचे व्यवस्थापक केले. सुडोचा अधिकार न मिळता ते आता लहान ए ने माणूस घालू शकतात आणि लहान डी ने काढू शकतात, तेही फक्त या एका गटात. त्यांनी माझ्यासमोर एकदा काकांना काढून परत घातले. ‘जी-पासवर्ड’ हे नाव टंकताना पासवर्ड शब्दातली ओ आणि आर ही अक्षरे गाळावी लागतात, हे त्यांनी टेबलावरच्या वहीत लिहून घेतले.

आजवर माझे ३४ तास लागले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक १० जून, १३ ते १९ जून आणि १५ जुलै या दिवसांच्या चुका निस्तरण्यात गेले. रोख खर्च ५,५०० रुपये. पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलायला लावायचे की नाही, हे दिवाळी अंक छपाईला गेल्यावर ठरवू.

सोमवार, २९ जुलै

पहिल्या दिवाळी अंकाचा मजकूर आज आला, नेहमीपेक्षा थोडा आधी. संध्याकाळी फोल्डरची यादी छापली: सतरा फाइली, चार मालक, गट सगळीकडे ‘पुस्तक’, परवानगी सगळीकडे ६६४. त्यांतल्या एका कथेत जुनी आवृत्ती साठवली गेली होती. यादीत नाव आणि वेळ दिसली, ताई त्या मुलाच्या टेबलाशी गेल्या आणि दहा मिनिटांत दोघांनी मिळून रात्रीच्या प्रतीतून योग्य फाइल परत आणली. खिडकीजवळच्या मॉनिटरवरची कागदाची पट्टी मी त्यानंतर काढली.